किनाऱ्यावर पहिला हक्क घरच्यांचा

मॉरिशसच्या जाहिरातीतला किनारा नेहमी रिकामा असतो. खरा किनारा बघायचा तर रविवारी बघावा. फ्लिक-आं-फ्लाकला सुरूच्या झाडांखाली सतरंज्या अंथरलेल्या, बिर्याणीचं पातेलं उघडलेलं, कुणीतरी रावान नावाचा डफ शेकून सेगा या तिथल्या नाचगाण्याचा ठेका धरलेला आणि पोरं दिवसभर पाण्यात. जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद बेट. परदेशवारी ज्यांना परवडत नाही, त्यांची सुट्टी ही अशी, बसच्या तिकिटात होते. कोकणातून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेलेल्यांची पतवंडंही त्या सतरंज्यांवर असतात.

सहल स्वस्तातली, म्हणून तिची किंमतही कमी धरली जाते, याचा मला संताप येतो. भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटरचा पट्टा सरकारी मालकीचा आहे. त्यातला मोक्याचा भाग हॉटेलं आणि बंगले भाडेपट्ट्यानं घेऊन बसले आहेत. उरलेल्या सार्वजनिक किनाऱ्यांवरही डोळा आहेच. दक्षिणेकडचा पॉम्पोनेटचा किनारा सार्वजनिक यादीतून काढून हॉटेलला दिला गेला. ‘आमचा किनारा चोरू नका’ म्हणत लोक तिथे उभे राहिले, ते बरंच झालं.

२०१९ मध्ये या देशात १३ लाख ८३ हजार पर्यटक आले. देशाची लोकसंख्याही तेवढी नाही. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि हॉटेलांना एकदम शेजाऱ्यांची आठवण झाली. स्थानिकांसाठी सवलतीचे दर लागले. त्याच वर्षी जुलैत ‘वाकाशिओ’ जहाज आग्नेयेच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल खाडीत पसरलं. तेव्हा कापडात उसाचं पाचट भरून, लांबच लांब गुंडाळ्या शिवून तेल अडवायला कोण उतरलं? हीच रविवारची माणसं. काळ्या तेलात कमरेइतकं उभं राहून ज्यांनी किनारा राखला, त्यांना तिथे सतरंजी टाकायला जागा मागावी लागणं हा उघड अन्याय आहे. एकही सार्वजनिक किनारा यापुढे यादीतून निघता कामा नये.

आपल्याकडून मधुचंद्राला, सहलीला तिकडे जाणाऱ्यांना एक सांगणं: हॉटेलच्या आवारातून बाहेर पडा, एक रविवार सार्वजनिक किनाऱ्यावर काढा, डाळपुरी तिथल्या गाडीवरच खा. आणि सुरूची सावली आधी घरच्यांना मिळू द्या.