साडेसात इंची भाऊ

आमच्या सोसायटीत बोअर मारायचं ठरलं, त्या बैठकीला भाऊ होते. ते सभासद नाहीत. पण आमची बी विंग जिथे उभी आहे तिथे एके काळी भाऊंचा हरभरा होता. त्यामुळे "जमीन विकली, मत नाही विकलं" या तत्त्वावर ते धायरीतल्या बऱ्याच सोसायट्यांच्या बैठकांना हजर असतात आणि चहाही घेतात. बोअरवाला म्हणाला, "साडेसहा इंची घेऊ." भाऊ खुर्चीत पुढे सरकले आणि पुढचं सगळं मला दिसायला लागलं.

"साडेसहा? एक इंच कशाला मारता? साडेसात घ्या."

"भाऊ, एवढ्या मोठ्या भोकाची गरज नाय. खर्च वाढंल उगाच."

"मी भोकाचं बोलतच नाही. मी नळीचं बोलतोय."

बोअरवाला तीनशे फूट खाली जायच्या तयारीने आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

तुमच्याही ओळखीत असा एक असणार. कधी स्टंपासमोर उभा न राहिलेला, पण गुगली कशी ओळखावी ते सांगणारा. भाऊंचा विषय एवढाच की रिव्हॉल्व्हरने मध्यम आकाराचं सावज मारायचं तर बोअर कुठला घ्यावा आणि नळी किती लांब असावी. मध्यम म्हणजे सशाच्या वर आणि गव्याच्या खाली, म्हणजे व्यवहारात रानडुक्कर. रायफलीने डुक्कर मारणाऱ्यांना भाऊ हिशेबात धरत नाहीत. उत्तर कधीच ठरलेलं आहे: .44 मॅग्नम, साडेसात इंच. भाऊंनी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही, याचा आणि उत्तराचा काही संबंध आहे असं त्यांना वाटत नाही.

धायरी फाट्यावर गाडी अडकली की भाऊ सुरू होतात, आणि धायरी फाट्यावर गाडी अडकतेच. "आवो सर, .357 आली 1935 साली. गोळी 158 ग्रेनची. चितळाला पुष्कळ. पण डुकराचा नर म्हणजे काय? खांद्यावर कातडीखाली कुर्चेची गादी, बोटभर जाड. तिथं पोकळ नाकाची गोळी फुलून बसली तर डुक्कर जातं पुढं आणि तुम्ही जाता वर. म्हणून 1955ची .44. गोळी 240 ग्रेन, कडक शिशाची, चपट्या तोंडाची. आता नळी." इथे सिग्नल सुटतो आणि दोन गाड्या गेल्यावर परत लागतो. "चार इंची नळीत दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर. मग जाळ दिसतो, आवाज होतो, काम होत नाही. शिवाय रिव्हॉल्व्हरला चक्री आणि नळी यांच्यात फट असती, तिथून गॅस निसटतो तो वेगळाच. साडेसातात दाब जास्त वेळ ढकलतो. इंचामागं सेकंदाला पंचवीस-तीस फूट वेग वाढतो, धरून चाला."

"मग दहा इंची घ्या की," मी एकदा म्हणालो.

"कमरेला लावून बसाल कुठं? आणि पुढून जड होतं, तोंड खाली जातं. ती 1967ची कंटेंडर येती बघा, एका वेळी एकच गोळी, नळी दहा इंच, चौदा इंच. ती पिस्तूल नाही, रुसलेली रायफल आहे." मग आवाज खाली आणून ते मुद्द्याची गोष्ट सांगतात. "खरं कारण वेगाचं नाहीच. मागची खाच आणि पुढची मक्खी यांच्यात जितकं अंतर जास्त, तितकी हाताची चूक डोळ्याला लवकर दिसती. आखूड नळी चूक लपवती."

चहासुद्धा भाऊ दोन्ही हातांनी पितात. कपबशी चालत नाही, स्टीलचा पेला लागतो. उजव्याने धरायचा, डाव्याने खालून आधार द्यायचा. "हीच पकड. .44चा झटका एका हातावर घेतला तर नळी कपाळावर." चहाला झटका नसतो हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

हे बंदुकीपुरतं राहिलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. टँकरवाला पाइप सोडायला लागला की भाऊ विचारतात, "नळी किती?" रंगपंचमीला नातवाची पिचकारी त्यांनी टेपने मोजली आणि दुकानात बदलून आणली. गॅसची नळी बदलायला आलेल्या पोराची तर त्यांनी परीक्षाच घेतली. मागच्या वर्षी पित्ताचा त्रास झाला म्हणून दुर्बिणीने पोट तपासायचं ठरलं, तेव्हा टेबलावर आडवं होता होता त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "नळी किती इंची?" डॉक्टर म्हणाले, "तीन फूट तरी आहे." पुढे आठवडाभर भाऊ त्या डॉक्टरांबद्दल आदराने बोलत होते.

वहिनींचं म्हणणं, "लोकांची साडेसाती साडेसात वर्षांनी सुटती. माझी इंचात आहे, तिला मुदत नाही."

भाऊंना चिडवायचं असेल तर .32चं नाव काढावं. जमिनीचे गुंठे विकून हातात पैसा आला की आमच्या भागात आधी गाडी येते, मग गळ्यात साखळी, आणि वशिला बरा असेल तर कमरेला कानपूरच्या सरकारी कारखान्याची .32. नळी तीन इंच. लग्नात सदरा वर सरकवून पाहुण्यांना मूठ दाखवायची, एवढाच तिचा उपयोग. तिच्या गोळीत .44च्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढाच जोर, हे भाऊंनी एका नवरदेवाच्या चुलत्याला भर मांडवात सांगितलं. "याने डुक्कर मरत नाही, नुसतं अपमानित होतं." चुलत्याने बार काढून दाखवायची भाषा केली तेव्हा भाऊंनी त्याला 2019ची दुरुस्तीही सांगितली: वरातीत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. भाऊंची ही बाजू मला आवडते. कमरेला हत्यार लावून मिरवणाऱ्यांच्या गर्दीत हा एकटा हत्याराशिवाय फिरतो आणि त्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणतो. पण त्यांना मी हे सांगायचा नाही. सांगितलं तर आणखी एक तास जाईल.

परवान्याचा अर्ज त्यांनीही केला होता. 2017 साली धायरी महापालिकेत गेली, त्यानंतर कधीतरी. कारकुनाने विचारलं, "कारण काय लिहायचं?"

"शेतीसंरक्षण."

"पीक?"

"हरभरा."

कारकुनाने गट नंबर घेतला आणि मोबाइलवर नकाशा उघडला. "इथे तर पोहण्याचा तलाव दिसतोय."

"त्याच्या पलीकडं बघा."

"क्लब हाउस."

"त्याच्या खाली," भाऊ म्हणाले.

वडिलांकडे मात्र बाराबोर होती आणि परवानाही शेतीसंरक्षणाचाच होता. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत बसेल ती बाराबोर, हे भाऊंना वडिलांनीच शिकवलं, बहुधा पाढ्यांच्या आधी. रात्री डोंगराकडून डुकरं उतरायची. म्हातारा माळ्यावर बसायचा आणि चाहूल लागली की आभाळात एक बार काढायचा. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली, पण म्हाताऱ्याला त्याचा पत्ता लागायचं कारण नव्हतं, कारण त्याने आधीही एक डुक्कर मारलेलं नव्हतं. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की घरी आणायची. "आमच्या बंदुकीनं डुकरांपेक्षा निवडणुका जास्त बघितल्या," हे भाऊंचं वाक्य. बरं वाक्य आहे, मला सुचलं नसतं. म्हातारा गेला तशी बंदूक जमा झाली, ती परत आली नाही. मग हरभराही गेला.

भाऊंना .44 प्रत्यक्ष भेटली ती टेक्सासात. लेकीचं बाळंतपण होतं. वहिनींनी डिंकाचे लाडू नेले, भाऊंनी टेप नेला. तिकडे मोकाट डुकरं वीस लाखांच्या वर असल्याचा अंदाज आहे आणि 2011 पासून ती हेलिकॉप्टरमधूनसुद्धा मारता येतात. ("त्यात कसला नेम? वरून तर कावळाही करतो," इति भाऊ.) व्हिसावर गेलेल्या पाहुण्याला तिथे बंदुकीला हात लावायचा तर बहुधा शिकारीचा परवाना हाताशी असावा लागतो. तो जावयाने काढून दिला आणि एका सहकाऱ्याच्या रानात नेलं. सहकाऱ्याने .44 काढून भाऊंपुढे धरली. भाऊंनी ती दोन्ही हातांत घेतली, जावयाला टेप धरायला लावला आणि म्हणाले, "साडेसहा."

"बाबा, एका इंचाने काय होतंय?"

"हे सिनेमातलं आहे. डर्टी हॅरीकडं असलंच साडेसहा इंची होतं, म्हणून तो माणसांवर भागवायचा."

संध्याकाळी डुकरं आली. चांगला कळप होता, चाळीस पावलांवर, वारा समोरून. सहकारी खुणा करत होता. भाऊंनी हत्यार त्याच्या मांडीवर ठेवलं आणि "नळी आखूड आहे" एवढंच म्हणाले. सात समुद्र ओलांडून, परवाना खिशात घालून गेलेला माणूस एका इंचासाठी हात हलवत परत आला, हा किस्सा मी धायरीभर केला. बेनकर वस्तीपासून धारेश्वरापर्यंत ज्याला वेळ होता त्याला सांगितला, ज्याला नव्हता त्याला फाट्यावर गाठून सांगितला.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी भाऊ मला पानशेतच्या मागे मेहुण्याच्या शेतावर घेऊन गेले. भुईमूग काढणीला आला होता आणि डुकरं रोज रात्री येत होती. रान डुकराने नांगरलं की ते कसं दिसतं, हे जवळून पाहायला हवं. वेल मुळासकट उलटलेला, ओल्या मातीत नाकाचे खड्डे, शेंगांची टरफलं चावून थुंकलेली, दाणा एक नाही. मेहुण्याने बांधावर जुन्या साड्या बांधल्या होत्या, न्हाव्याच्या दुकानातले केस आणून टाकले होते. भाऊंनी पाहणी केली आणि अंतर पावलांनी मोजून सांगितलं, "इथून .44, त्या आंब्याखालून .357 चालंल."

"दाजी," मेहुणा म्हणाला, "कायद्यात कलम 11 आहे. पिकाचं नुकसान असलं तर अर्ज करायचा, वनखात्याची परवानगी मागायची. पण मिळाली तरी बार काढणार कोण? गावात परवान्याची बंदूक एकाकडंच. तो ती घेऊन पुण्यात एटीएमच्या दारात बसतो."

नोटांना राखण आहे, शेंगांना नाही. यावर भाऊंकडेही इंचात उत्तर नव्हतं.

मध्यरात्र उलटल्यावर शेंगा फुटल्याचा कटकट आवाज आला. मेहुण्याने तेलाचा रिकामा डबा भाऊंच्या डाव्या हातात दिला आणि काठी उजव्यात. भाऊंना एका हातात काही धरताना मी प्रथमच पाहत होतो. काठी डब्याला टेकली मात्र, उजवा हात थरथरायला लागला. भाऊ वाजवत नव्हते, हात आपला आपण वाजत होता, आणि त्यातून जी तर्री निघाली ती गणपतीत लक्ष्मी रस्त्यावरच्या ताशालाही जमली नसती. डुकरं गेली. ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली, वस्तीवरचे दिवे लागले, मेहुणा "दाजी, बास!" म्हणून ओरडला, तरी ते थांबेना. शेवटी भाऊंनी डबा खाली ठेवला आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. पेल्याची पकड. मग बराच वेळ ते खोकत राहिले, काम नसताना.

धायरीला परतल्यावर वहिनींना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. "झाली की तीन-चार वर्षं. गोळ्या चालू आहेत त्यांच्या, सकाळी एक, रात्री एक. टेक्सासला जायच्या आधीपासून." टेक्सासचा किस्सा मी त्यानंतर बंद केला. पण इतका पसरवून ठेवलाय की आता लोकच मला सांगतात, वर इंच वाढवून.

मेहुण्याचा या वर्षी पुन्हा फोन आला. भुईमुगाला शेंगा धरल्यात, दाजींना पाठवा, डबा त्यांनीच वाजवायचा. भाऊंनी फोन माझ्यासमोर घेतला. "डबा कुठला आहे? पंधरा किलोचा? आवाज ऐकव." पलीकडून टणटण झालं. "हा पत्रा पातळ आहे. डुक्कर याला हसंल. थांब, माझा आणतो." मग सबंध दुपार त्यांनी किराण्याच्या दुकानामागे डबे वाजवून पाहण्यात घालवली. शेंगदाण्याचा, सूर्यफुलाचा, पामचा. कुठल्याची चादर किती जाड, तळ कुणाचा बसका, झाकण ठेवावं की काढावं, यावर दुकानदाराशी मतभेद झाले.

मी त्यांना एसटीत बसवून द्यायला गेलो आणि बोलता बोलता खडकवासल्यापर्यंत बरोबर गेलो. कंडक्टरने डब्याचं लगेज मागितलं. भाऊंनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि पत्र्याच्या जाडीपासून सुरुवात केली. धरणाची भिंत दिसायला लागली तोवर कंडक्टरने लगेज माफ केलं होतं, वर मला खुणेने विचारत होता की हे पानशेतपर्यंत आहेत का.