आडवी खिडकी

आमच्या दिवाणखान्यात सध्या एक खिडकी आहे. भिंतीत नव्हे, कोचासमोर, आडवी. तिच्यातून फरशी दिसते. वर काच, खाली चार पाय, मध्ये पाच लोखंडी गज. पाहुणे चहाचा कप ठेवायला हात पुढे करतात, गज दिसले की थबकतात आणि जपून विचारतात, "हे मुद्दामच केलंय ना?"

हो, मुद्दामच. वाईजवळचं आमच्या काकांचं घर गेल्या उन्हाळ्यात उतरवलं. सागवानी घर पाडत नाहीत, उतरवतात. आधी कौलं, मग वासे, मग तुळया, आणि शेवटी खांब. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन घनफुटावर सगळं मोजून नेतो. त्याच्या आदल्या दिवशी चुलतभावाचा फोन आला, "दादा, आठवण म्हणून काही हवं असेल तर आजच सांग. उद्या ट्रक लागतोय." शहाण्या माणसाने खलबत्ता मागितला असता. मी माजघराची खिडकी मागितली.

यात थोडा दोष मुलीचा आहे. तिने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात एक हसतमुख गृहस्थ जुनी खिडकी घेतो, तिच्यावरून मायेने हात फिरवतो, मागे संगीत वाजतं आणि खिडकीचं टेबल होतं. सगळं मिळून एक मिनिट चाळीस सेकंद. आमच्या टेबलाला पाच आठवडे लागले. संगीत वाजलं नाही. वाजली ती दाराची घंटा, आणि दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ होते, भुश्याची तक्रार घेऊन.

पहिला आठवडा रंग काढण्यात गेला. वरचा थर चॉकलेटी. तो खरवडला तर खाली हिरवा, त्याखाली आकाशी, आणि अगदी तळाशी नुसतं तेलपाणी. गॅलरीत पाटावर बसून मी एकेक थर काढत होतो आणि एकेक लग्न आठवत होतो, कारण आमच्या घरात रंग लग्नाशिवाय लागत नसे. चॉकलेटी म्हणजे धाकट्या काकांचं लग्न. हिरवा आत्याचा. त्या वेळी हिरवा रंग उरला म्हणून गोठ्याचं दार, पाण्याची टाकी आणि काकांची सायकलही हिरवी झाली होती, हे मला पुरतं आठवतं, कारण नवी कोरी शाळेची चड्डी घालून मी त्याच सायकलवर बसलो होतो. आकाशी कुणाच्या लग्नाचा, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

इथे मुलीने मध्येच येऊन माझ्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं, ते कोरडं घासलं की धूळ नाकातोंडात जाते, म्हणे. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा लागू झाली तीच मुळी २०१७ साली. म्हणजे आत्याच्या लग्नात काय काय असेल देव जाणे. तेव्हापासून खिडकी ओली करून, तोंडाला फडकं बांधून, खाली वर्तमानपत्रं पसरून काम सुरू झालं. तुम्ही कुणी जुनी दारं-खिडक्या खरवडायला घेणार असाल तर एवढं ऐका, आणि लहान मुलांना त्या गॅलरीत फिरकू देऊ नका.

मग सुतार आला. त्याने खिडकीला बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "काका, लाकूड एक नंबर. पण मला जुनं काम नको वाटतं." का, ते तासाभरात कळलं. जुनं सागवान वर्षानुवर्षं वाळून स्थिर झालेलं असतं, नव्यासारखं वाकत नाही, पिळत नाही, हे सगळं खरंच. पण त्याच्या पोटात खिळे असतात. कुणी पडद्यासाठी ठोकलेला, कुणी कॅलेंडरसाठी, कुणी नुसताच. डोकं मोडून आत रुतलेला असा एक खिळा रंध्याच्या पात्याला भिडला आणि पात्याचा तुकडा उडाला. सुताराने रंधा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागितला. त्या खिळ्याला आजोबांचा कोट टांगलेला असे, हे मी त्याला सांगणार होतो, सांगितलं नाही.

हिशेब लपवून उपयोग नाही. टेम्पो १,८००. सुताराचे तीन दिवस ३,९००. रंध्याचं पातं ३५०. पॉलिशपेपर, लाखदाणा आणि स्पिरीट १,१५०. काच २,४००. काचेखालची रबरी बुचं ४०. एकूण ९,६४० रुपये, आणि खिडकी फुकट. चौकातल्या दुकानात तयार टेबल ६,५०० ला होतं, घरपोच. हा आकडा आमच्या हिने दुकानात जाऊन मुद्दाम विचारून आणला. मी तिला चंदीगडच्या नेकचंदचं उदाहरण दिलं. सरकारी रस्तेखात्यातला साधा नोकर, शहर वसवताना उठवलेल्या गावांची मोडतोड आणि फुटक्या बांगड्या गोळा करून त्याने गुपचूप अख्खी बाग उभी केली, १९७६ मध्ये ती लोकांना खुली झाली, पुढे माणसाला पद्मश्री मिळाली. ती म्हणाली, "अहो, त्याने जंगलात केलं. गॅलरीत नाही."

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते मुलीच्या शाळेत, कार्यानुभवाच्या तासाच्या निमित्ताने. रात्री नऊ वाजता तिला आठवायचं की उद्या काहीतरी टाकाऊतून टिकाऊ न्यायचंय. मग उडालेल्या बल्बचा पेंग्विन व्हायचा, बांगडीच्या काचांचा मोर, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. एकदा घरात उडालेला बल्ब नव्हता, तेव्हा मी चालू बल्ब काढून दिला. टाकाऊ वस्तू निर्माण करावी लागण्याची ती वेळ मला आजही शरम वाटायला लावते. आणि टिकाऊ म्हणाल तर पेंग्विन दिवाळीपर्यंतही टिकला नाही.

माझ्या आजीने हे शब्द कधी उच्चारल्याचं आठवत नाही. तिच्या घरात टाकाऊ काही नव्हतंच, तेव्हा त्यातून टिकाऊ काढायची पाळी कशाला येईल? तिची वर्षाला दोन लुगडी. मध्यभागी विरलं की तेवढा भाग काढून दोन्ही चांगली टोकं ती जोडायची, त्याला दंड घालणं म्हणायचे. दंडाचं लुगडं आणखी वर्षभर चाले. मग त्यातून बाळंतिणींसाठी दुपटी आणि झबली निघत, कारण तान्ह्या अंगाला धुवून धुवून मऊ झालेल्या सुती कापडासारखं दुसरं काही नाही. उरलेलं गोधडीत. गोधडीत न बसलेलं हात पुसायला, मग भांडी उतरवायला, मग शेणाचं सारवण करायला पोतेरं, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की चूल पेटवायला. मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, पण इतकी शिस्तशीर पदावनती कुठे पाहिली नाही. प्रत्येक पायरीवर हुकूम एकाच अधिकाऱ्याचा, आणि वर अपील नाही.

गोधडी शिवायची ती उन्हाळ्यात, दुपारची, माजघरात. याच खिडकीखाली. तळाला एक सलग लुगडं अंथरायचं, त्यावर चिंध्या माणसाला जागा द्यावी तशा बसवायच्या, कुठे उंचवटा राहता कामा नये. मग वर दुसरं लुगडं, आणि कडेकडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत आत आत जाणारा धावदोरा. दोरासुद्धा विकतचा नव्हता, जुन्या काठातून ओढून काढलेला. शेजारच्या दोघी-तिघी चार बाजूंना बसायच्या, आणि गावातल्या बातम्या टाक्यांच्या वेगाने पुढे सरकायच्या. एखादी बातमी जास्त रंगली की त्या जागचे टाके मोठे पडलेले असत. आजी ते नंतर उसवायची. बातमी कोणती होती ते मात्र कधी सांगायची नाही.

आम्ही नातवंडं ठिगळाच्या चड्डीला लाजायचो. तेव्हा आजी गाडगेबाबांचं नाव काढी. चिंध्या जोडून केलेला अंगरखा घालून ते हिंडायचे, म्हणून कुठे त्यांना गोधडे महाराज म्हणत, कुठे चिंधेबाबा. "आणि मोठमोठी माणसं त्यांच्या पाया पडत," आजी म्हणे. मी एकदा ठिगळाची चड्डी घालून वर्गात गेलो आणि कुणी पाया पडतं का पाहिलं. कुणी पडलं नाही.

मग टेरिलीन आलं, टेरिकॉट आलं, आणि गोधडी संपली. ती चैनीने संपवली असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ती कापडानेच संपवली. टेरिकॉट विरत नाही, मऊ होत नाही, हात पुसला तर पाणी इकडचं तिकडे करतं. नायलॉनची साडी गोधडीत घातली की सटकून एका कोपऱ्यात गोळा होते. मरतच नाही ते कापड, त्याला पुढचा जन्म कुठून देणार?

अशा न मरणाऱ्या कपड्यांसाठी बोहारीण असते, निदान आमच्याकडे अजून येते. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर गाठोडं. आमची ही आणि ती दारात समोरासमोर बसल्या की मी वर्तमानपत्र उलटं धरून ऐकतो. बोहारीण पँट उचलून उजेडाकडे धरते. "ताई, याला जाळी पडलीया." "जाळी कुठली, ती कापडाची वीण आहे." "आन ही चेन?" "चेन बसवून मिळते." सात पँटी, चार शर्ट आणि माझा न विचारता घातलेला एक स्वेटर, यावर एक पातेलं ठरतं. मग पातेल्यावर झाकण मागायचं, तिने "न्हाई परवडत" म्हणून उठायचं, ही दार लोटू लागते, ती जिन्यावरून परत येते. झाकण मिळतं. दोघींनाही आपण फसलो असं वाटत नाही, हे मला या व्यवहाराचं मोठं नवल वाटतं.

आमची हीच जुन्या परकरांच्या पट्ट्या फाडून, त्यांची वेणी घालून, ती गोल गोल गुंडाळत शिवून पायपुसणी करते. खर्च शून्य. गेली सहा वर्षं ती धुतली जातात आणि पुन्हा दारात येऊन पडतात. त्यांचे फोटो कुणी काढत नाही. खिडकीचे माझ्याकडे अठ्ठावीस आहेत.

आता थोडं राहिलं आहे ते सांगतो. टेबलाला शोभेसाठी एक पितळी कडी हवी होती म्हणून मी एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. कडी मिळाली नाही. एक यंत्र नसलेलं भिंतीवरचं घड्याळ मिळालं, एक दांडा नसलेली आरती, आणि तीन कुलपं, ज्यांच्या किल्ल्या नाहीत. घड्याळाच्या पेटीत मसाल्याच्या बाटल्या ठेवायचा विचार आहे. तो विचार मी अजून घरात मांडलेला नाही.

परवा आमच्या नातीने खिडकीखाली चादर अंथरली, आत शिरली आणि गजांतून वर काचेकडे पाहत दुपारभर पडून राहिली. तिला तिथून चहाच्या कपाचं बूड दिसत होतं. हिने तेव्हा काही न बोलता टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि काच पुसली. ९,६४० चा विषय त्या दिवसापासून निघालेला नाही.

खिडकी टेबल झाली, पण तिच्या दोन झडपा गॅलरीत उभ्या आहेत. अस्सल सागवान, एकीवर आकाशी रंग तसाच आहे. बोहारणीला दाखवल्या. ती लाकूड घेत नाही. कुणाला हव्या असतील तर रविवार सोडून कधीही या, पैसे नकोत. टेम्पो मात्र तुमचा तुम्ही आणा.