फावडं उचलण्याआधी

दोन-तीन आठवड्यांचा परदेशातला सेवा-कार्यक्रम, त्यासाठी भरायची फी, शेवटी एक प्रमाणपत्र, आणि ते प्रमाणपत्र पुढच्या प्रवेश अर्जाला जोडायचं. पालकांनो, हा व्यवहार तुमच्या ओळखीचा आहे. मुलगा किंवा मुलगी सुट्टीत कुठल्याशा बंद पडलेल्या खाणगावात जाते, तिथल्या शाळेची भिंत रंगवते आणि परत येते. मुलांच्या मनाबद्दल मला शंका नाही, ते मन चांगलंच असतं. माझं भांडण त्या भिंतीशी आहे. गावात रंगारी नव्हता का? खाण बंद झाल्यावर गावात सगळ्यात जास्त काय उरतं, तर रिकामे हात. त्यातल्या एकाची चार दिवसांची मजुरी आपण पैसे भरून बुडवली.

हे भांडण जुनं आहे. दक्षिण वेल्समधल्या ब्रिनमॉर गावाने ते १९३१ साली पाहिलं.

१९२० च्या सुमारास दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींत अडीच लाखांहून जास्त माणसं राबत होती. पुढे कोळशाची निर्यात बसली, खाणींना एकामागून एक टाळं लागलं आणि डोंगरमाथ्यावरचं ब्रिनमॉर बेकारीने पोखरून निघालं. क्वेकर पंथाचे पीटर स्कॉट आणि त्यांचे सहकारी तिथे येऊन राहिले. बूट आणि फर्निचर बनवणारे छोटे कारखाने त्यांनी उभे केले. १९३१ च्या उन्हाळ्यात तिथे विद्यार्थी स्वयंसेवकांची छावणी पडली, काही ब्रिटनमधले, काही परदेशी. मागे संघटना होती ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’. पियर सेरेसोल या स्विस अभियंत्याने १९२० मध्ये व्हर्दँजवळच्या, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका फ्रेंच गावात, कालच्या शत्रूंना एकत्र राबायला लावून ती सुरू केली होती. (हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आले आणि राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याला जोडून मुझफ्फरपूरच्या बाजूला गावं पुन्हा वसवायला लागले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत आहे.) ब्रिनमॉरमध्ये या मुलांनी पडीक जागेवर बाग आणि पोहण्याचा तलाव करायला घेतला.

गावातल्या कामगार कार्यकर्त्यांमधून विरोध झाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. हे काम सार्वजनिक आहे, सरकारने ते काढावं आणि करणाऱ्याला मजुरी द्यावी. आज फुकट खणलं तर उद्या मजुरी देऊन खणून घेणार कोण? त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये बेकारभत्त्यासाठी घराची झडती घेणारी उत्पन्न-चाचणी आली. घरातल्या पोराची तुटपुंजी कमाईसुद्धा बापाच्या भत्त्यातून वजा होऊ लागली. ज्याच्या घरी अधिकारी येऊन असा हिशेब मांडतो, त्याला फुकटच्या श्रमाचं कौतुक सांगायला जाऊ नये. माझ्या मते ते कामगार बरोबर होते.

तरीही त्या छावणीला मी आजच्या रंगकामाच्या सहलींच्या रांगेत बसवणार नाही. ती मुलं गावातल्या बेकारांच्या बरोबरीने खणत होती, आणि ज्यांनी त्यांना बोलावलं ते क्वेकर पुढेही वर्षानुवर्षं तिथेच राहिले, लोकांच्या शिव्या खाऊन राहिले. तलावही गावातल्या पोरांसाठीच होता.

कौशल्याशिवायची मदत कशी आड येते, हे दक्षिण वेल्समधल्याच ॲबरफॅन या खाणगावाने दाखवलं. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी खाणीच्या टाकाऊ मालाचा ढिगारा घसरून पँटग्लास शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. आसपासच्या खाणींतले कामगार धावले. गाडलेला माणूस ढिगाऱ्यातून कसा काढायचा, हे त्यांना ठाऊक होतं. पाठोपाठ शेकडो भल्या मनाची माणसं हातात फावडं घेऊन आली आणि त्यांच्या गर्दीत जाणत्या हातांना काम करणं अवघड झालं. पुढे तर संतापच यावा असं घडलं. उरलेले ढिगारे हटवण्यासाठी दुर्घटनाग्रस्तांच्या मदतनिधीतून दीड लाख पौंड काढून घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं, तेही व्याजाविना. जगाने त्या गावाला पैसे दिले, आणि ज्या सरकारी कोळसा मंडळाच्या निष्काळजीपणावर चौकशी आयोगाने बोट ठेवलं होतं, त्याचं काम त्या पैशांतून उरकलं गेलं.

चांगलं उदाहरणही दक्षिण वेल्सच्याच खाणखोऱ्यांतलं. १९८४-८५ च्या खाणसंपात लंडनमधल्या समलिंगी तरुण-तरुणींनी बादल्या घेऊन निधी गोळा केला, वीस हजार पौंडांहून जास्त, आणि तो डुलाइस खोऱ्यातल्या संपकरी कुटुंबांच्या समितीच्या हाती दिला. कुठल्या घरी किती किराणा जायचा, हे समितीने ठरवलं. देणाऱ्यांनी आपली योजना लादली नाही. १९८५ च्या उन्हाळ्यातच लंडनच्या समलिंगींच्या ‘प्राइड’ मोर्च्यात खाणकामगार आपले झेंडे घेऊन आघाडीला चालले.

कार्डिफ आणि स्वान्सीच्या विद्यापीठांत आपली मराठी मुलं शिकत आहेत. कार्डिफहून यातली बरीच खोरी रेल्वेने तासाभरात गाठता येतात, आणि तिथे मदत करायला कुणा सेवा-सहलीच्या कंपनीला एक पैसा द्यावा लागत नाही. तिथल्या फूड बँकेत, गावच्या वाचनालयात, म्हाताऱ्या खाणकामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या मंडळात चौकशी करा. वर्षभर ठरलेल्या वारी जा, परीक्षेच्या आठवड्यातही जा, कारण तिथे कुणीतरी तुमची वाट बघत असेल. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाच्या नियमांतही स्वयंसेवकाने पगारी कर्मचाऱ्याची जागा भरायची नाही, असं आहे. हे बंधन मला फार पटतं. वेल्समध्ये आजही अडीच हजारांच्या आसपास जुने कोळसा-ढिगारे आहेत. २०२० च्या फेब्रुवारीत वादळी पावसाने टायलर्सटाउनचा एक ढिगारा घसरलाच. त्यांची तपासणी, निचऱ्याच्या चरांची डागडुजी, उतार बांधून काढणं, ही पगारी कामं आहेत. ती त्या गावांतल्या तरुणांनाच शिकवून द्यायला हवीत. आपल्या मुलांनी जाऊन त्यावर माती लोटायची नाही. त्या तरुणांच्या प्रशिक्षणासाठी निधी मागणाऱ्या अर्जावर मात जरूर राबावं.

आपल्याकडच्या, चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातल्या घुग्गूस-बल्लारपूरच्या मुलांना हे सगळं मी समजावून सांगायची गरज नाही. खाणीवर उभं असलेलं गाव म्हणजे काय, ते ती जाणतात. अशा मुलांकडे फीचे पैसे नसतात, म्हणून त्यांना कुणी परदेशी पाठवत नाही. खाणगावात खरा उपयोग व्हावा असं वाटत असेल, तर शिष्यवृत्ती देऊन त्यांनाच आधी पाठवा.

आणि फी भरणाऱ्या पालकांनो, सही करण्यापूर्वी त्या संस्थेला दोन गोष्टी लेखी मागा. हे काम गावातल्या कुणी मागितलं, आणि तुमच्या पैशातले किती त्या गावात मजुरी म्हणून वाटले जातात? उत्तर मिळालं नाही तर चेक फाडू नका.