टॅग लावला, रांग कोण लावणार?

वैयक्तिक विकीत टिपणाला टॅग लावायला क्षणभर पुरतो. त्या टॅगखाली जमलेली टिपणे मनासारख्या क्रमाने उभी करायला मात्र थोडे राजकारण अंगी असावे लागते. या प्रकारातला जुनाजाणता विकी म्हणजे टिडलीविकी. जेरेमी रस्टन यांनी तो २००४ साली काढला. सगळी टिपणे एकाच एचटीएमएल फाइलीत मावतात, म्हणून बाळकुमच्या घरच्या गणपतीसाठी केलेला आरतीसंग्रह डोंबिवलीच्या काकांकडे पोचवायचा तर एक फाइल धाडली की झाले.

क्रम सांगितला नाही तर टिडलीविकी वर्णानुक्रमाला शरण जातो. ‘आरती’ या टॅगखाली मग ‘आरती ज्ञानराजा’ पहिली लागते आणि तिच्या पाठोपाठ ‘घालीन लोटांगण’. म्हणजे दुसऱ्याच टप्प्याला मंडळी स्वतःभोवती गिरकी घेऊन मोकळी आणि पोरे प्रसादाच्या ताटाकडे. त्यानंतर ‘दुर्गे दुर्घट’, ‘मंत्रपुष्पांजली’, ‘युगे अठ्ठावीस’, श्वास संपेस्तोवर ताणायची ‘येई हो विठ्ठले’, ‘लवथवती’ आणि सर्वांत शेवटी ‘सुखकर्ता’. अग्रपूजेचा मान ज्याचा, त्यालाच रांगेच्या शेपटाला धाडणारी ही पद्धत शब्दकोशाला शोभते, मखराला नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या पाचव्या मार्गिकेवरच्या कापूरबावडी ते काल्हेर एवढ्याच स्थानकांना हाच नियम लावला तर गाडी आधी खाडीपलीकडच्या कशेळीला थांबेल, मागे फिरून कापूरबावडीला येईल, पुन्हा पलीकडे काल्हेर गाठेल, आणि बाळकुम नाक्याला उतरणाऱ्याची तोवर तीनदा खाडी ओलांडून झालेली असेल.

तारखेचा क्रम त्याहून लहरी. मंत्रपुष्पांजलीतली एक वेलांटी दुरुस्त केली की ती सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसते.

शीर्षकाआधी आकडे घालणे हा घरोघरचा उपाय. तो नऊ आरत्यांपर्यंत टिकतो. अक्षरांच्या हिशेबात १० हा २ च्या आधी येतो, म्हणून ०१, ०२ अशी शून्ये चिकटवावी लागतात. आणि आत्याबाईंना तिसरी नि चौथीच्या मधोमध खंडोबाची आरती हवी झाली की ‘०३अ’ जन्माला येते.

खरी सोय टॅगच्याच नावाच्या टिपणात आहे. ‘आरती’ नावाचे टिपण उघडून त्यात ‘लिस्ट’ हे फील्ड जोडायचे आणि नावे हव्या त्या क्रमाने लिहायची. यादीतली टिपणे आधी लागतात, उरलेली त्यांच्या मागून वर्णानुक्रमाने. मेख एकच: दोन नावांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते, त्यामुळे दोन शब्दांच्या नावाला दुहेरी चौकटी कंस हवेत. ते राहिले तर ‘घालीन’ एकीकडे आणि ‘लोटांगण’ दुसरीकडे पडते. विकी दोघांनाही ओळखत नाही, आणि खरे टिपण बिनयादीच्या घोळक्यात जाऊन पडते.

ज्याला सबंध यादी लिहायचा कंटाळा, त्याने त्या त्या आरतीच्या टिपणातच फील्ड घालावे. ‘लिस्ट-बिफोर’मध्ये कोणाच्या आधी आणि ‘लिस्ट-आफ्टर’मध्ये कोणाच्या नंतर, ते नाव येते. फील्ड ठेवून आत काहीच लिहिले नाही तर पहिल्याचा अर्थ अगदी सुरुवातीला, दुसऱ्याचा अगदी शेवटी. ‘सुखकर्ता’ला रिकामे लिस्ट-बिफोर आणि ‘घालीन लोटांगण’ला रिकामे लिस्ट-आफ्टर दिले की निम्मा तंटा मिटतो. कुलदेवीच्या अभिमान्यांनी तिच्या आरतीलाही गुपचूप रिकामे लिस्ट-बिफोर लावले तर पहिली जागा अर्थात एकालाच मिळणार, आणि हा वाद विकीबाहेर, बहुधा जेवणाच्या पंगतीत निघतो.

माऊस हाताशी असला तर यातले काहीच टंकावे लागत नाही. टॅगवर क्लिक करून उघडलेल्या यादीत नावे धरून वरखाली ओढता येतात. लिस्टचे फील्ड विकी स्वतःच भरतो, कंसांसकट.

एवढे करूनही टॅग लागलेला असावा लागतो. ‘सुखकर्ता’ यादीत पहिले लिहिले आणि टिपणाला टॅग लावायचाच राहिला, तर आरत्या थेट ‘लवथवती’पासून सुरू होतात. विकी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ते आजी काढतात, तेही निरांजन हातात असताना.