पोटात ठेवणारा माणूस कसा निवडावा : कासारवाडीतील किशोरांसाठी सूचना

कासारवाडी हद्दीतील तेरा ते एकोणीस वयाच्या सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, ‘मला कोणीच नाही’ ही तक्रार यापुढे स्वीकारली जाणार नाही. नाशिक फाटा मेट्रो स्टेशनखाली मुलगा कोणाशी बोलत होता, हे तो घरी पोचण्याआधी आईला कळलेले असते. इतकी माणसे ज्याच्यावर लक्ष ठेवून आहेत, त्याला एकटा कसे म्हणावे? तुटवडा माणसांचा नाही, पोटात ठेवणाऱ्यांचा आहे.

तेव्हा आधी चाचणी. संशयित आधारव्यक्तीला एक बिनमहत्त्वाचे गुपित सांगावे. उदाहरणार्थ, भूगोलात कमी गुण पडले. संध्याकाळी तिसऱ्या घरातल्या काकूंनी ‘भूगोलाचं काय झालं रे?’ असे विचारल्यास त्या व्यक्तीचे नाव यादीतून खोडावे. ‘सांग ना, मी कुणाला नाही सांगणार’ असे आपणहून म्हणणाऱ्यांची चाचणी घेण्याचीही गरज नाही. ‘आमच्या वेळी’ने सुरुवात करणाऱ्यांकडे फक्त पैसे मागावेत.

वडिलांचा विषय किचकट आहे. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी आणि शाळेला रविवारी, त्यामुळे बापलेक एकाच दिवशी मोकळे सापडत नाहीत. त्यातून थर्ड शिफ्ट असेल तर मुलगा शाळेत जाताना वडील पडदे ओढून झोपलेले. उपाय एकच : गुरुवारी संध्याकाळी ते गाडी पुसत असताना हातात फडके घेऊन शेजारी बसावे. चाकाकडे बघत बोलले की दोघांचीही सोय होते.

यादी लांबलचक हवी असे नाही. हवाईतील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी आणि घरातल्या कटकटींत वाढूनही जी मुले सावरली, त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी खंबीर माणूस होता. कुणाची आजी, कुणाचे शिक्षक, कुणाचे शेजारी.

माणूस सापडला तरी अडचण पुढेच आहे. मानसिक त्रासात इतरांची मदत घेणे चांगले, असे युनिसेफच्या २०२१च्या अहवालानुसार भारतातल्या १५ ते २४ वयाच्या फक्त ४१ टक्के तरुणांना वाटले. २१ देशांची सरासरी ८३. उरलेले बहुधा ‘काही नाही’ म्हणून खोलीत निघून गेले असावेत. त्यांच्यासाठी तयार वाक्य : ‘मावशी, उपाय सांगू नकोस, नुसतं ऐक.’ मावशी उपाय सांगेलच. तरी ऐकेलही.

एका बाबतीत मात्र पोटात ठेवणे बंद. मित्र जगायचे नाही म्हणत असेल किंवा घरात, क्लासमध्ये कोणी त्रास देत असेल, तर ‘कुणाला सांगू नको’ ही शपथ मोडावी आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगावे. ते जमत नसेल तर मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मुंबईत १९९६ साली ती सेवा सुरू झाली. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेला, मानसिक त्रासासाठीच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येते, आणि फोन उचलणारी व्यक्ती आईच्या भिशीत नसते.