मिशनला की सिव्हिलला?

शाळासोबती सहलीला निघाले की पहिलं भांडण ठिकाणावरून होतं. आमचं ठिकाण मिरज हे आधीच ठरलेलं, त्यामुळे भांडणासाठी गाडी शोधावी लागली. अमेरिकेचं म्हणणं, पुण्याहून मोटार करू, दुपारच्या जेवणाला गावात. इंजिनाचं म्हणणं, कोयना एक्स्प्रेस. "मोटारीनं मिरजेला जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन एसटी स्टँड बघून परत येणं," असं म्हणून त्यानं परस्पर तिकिटं काढली आणि पैसेही आगाऊ वसूल केले. वाद मिटला.

इथं मंडळींची ओळख करून दिली पाहिजे. इंजिन रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढला. बाकीची मुलं पाढे म्हणायची तेव्हा हा टाइमटेबल म्हणायचा. अमेरिका फार वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि तेव्हापासून पाण्याची बाटली घेतल्याशिवाय जिनाही उतरत नाही. डॉक्टर हा डॉक्टर नव्हे, बँकेतून निवृत्त झालाय. पण त्याची आत्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती आणि तेवढ्या भांडवलावर तो सहावीपासून वर्गाला औषधं सांगत आलाय. मॉनिटर ही मॉनिटरच. वर्गात बोलणाऱ्यांची नावं ती फळ्यावर लिहायची. आता फळा नाही, तर तिकिटांच्या छापील प्रती प्लास्टिकच्या फाइलीत घालून ती छातीशी धरून बसते. राहिलो मी. मला बंडल म्हणतात. का म्हणतात ते विचारू नये, पण पुढचा मजकूर वाचताना ध्यानात असू द्यावं.

पुणं सोडल्यावर नीरेपर्यंत प्रत्येकानं आपापली शुगर सांगितली. लोणंद ते वाठार मुलांची लग्नं झाली. साताऱ्याला डबे उघडले. कराड मागं पडलं, खिडकीतून ऊस दिसायला लागला आणि इतिहास सुरू झाला.

सांगली स्टेशनात गाडी थांबली तेव्हा आमच्या डब्यात जी शांतता पसरली, ती बाहेरच्या माणसाला कळायची नाही. मूळ संस्थान मिरजेचं. पटवर्धनांच्या घरात चुलत्या-पुतण्याचं बिनसलं आणि १८०१ साली चिंतामणराव आपला वाटा घेऊन सांगलीला गेले. भाऊबंदकीत वेगळा झालेला माणूस पुढं मोठा झाला तर थोरल्या घराचं जे होतं, ते आमचं झालंय. जिल्हा सांगली. १९९८ साली महापालिका झाली तर तिचं नाव सांगली-मिरज-कुपवाड. आम्ही मधे, डब्यात चौथ्या सीटवर बसल्यासारखे.

"पण जंक्शन कुणाचं?" इंजिनानं विचारलं.

"आपलं!" आम्ही एका सुरात म्हणालो. खिडकीशी भडंगवाला आला होता. अमेरिकेनं सांगलीचं भडंग दोन पाकिटं घेतली. मॉनिटरनं त्याच्याकडं असं पाहिलं की फळा असता तर नाव गेलंच होतं. तरी भडंग संपलं. तिनंच संपवलं.

मिरजेला उतरलो. पाच जणांच्या मिळून किती वर्षांच्या पाठी आणि किती वर्षांचे गुडघे होते, त्याचा हिशेब रिक्षावाल्यानं एका नजरेत केला असावा. तो पुढं आला आणि अत्यंत आपुलकीनं म्हणाला, "चला काका. मिशनला की सिव्हिलला?"

या गावात परगावचं माणूस दुसऱ्या कशासाठी येतं यावर रिक्षावाल्यांचा विश्वास नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. कर्नाटकातून, सोलापूरकडून, कोकणातून पिढ्यान् पिढ्या माणसं मिरजेला आली ती कुठं दुखतंय म्हणून. आम्ही लहानपणी कानडी शिकलो ते स्टेशनबाहेरच्या पेशंटांकडून. त्यामुळे "कुठं दुखतंय" आणि "किती दिवस झाले" यापलीकडे आमचं कानडी गेलं नाही.

डॉक्टरला मात्र हा प्रश्न म्हणजे आमंत्रणच वाटलं. रिक्षात बसल्या बसल्या त्यानं वॉनलेस साहेबापासून सुरुवात केली. विल्यम वॉनलेस, मूळचा कॅनडाचा, १८८९ साली हिंदुस्थानात आला, १८९४ मध्ये मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं, तीन वर्षांनी वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं, पुढं सरकारनं त्याला 'सर' केलं.

"पण त्यानं दवाखाना आधी सांगलीत काढला होता ना?" अमेरिकेनं विचारलं.

"काढला की. आणि मग मिरजेला आला. त्यालासुद्धा कळलं," डॉक्टर म्हणाला. पुढं बसलेल्या रिक्षावाल्यानं मान हलवली. गावाची बाजू घेण्यात तो पेट्रोल धरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉनिटरनं कार्यक्रम वाचून दाखवला: लक्ष्मी मार्केट, किल्ला भाग, दर्गा, सतारमेकर गल्ली, आणि संध्याकाळी कृष्णा घाट. लक्ष्मी मार्केटच्या घड्याळाखाली उभं राहून आम्ही अर्धा तास वाद घातला की आमच्या वेळी ते घड्याळ चालू होतं की बंद. एकानंही मान वर करून आत्ता ते चालू आहे का, हे पाहिलं नाही.

किल्ला भागात माझी वेळ आली. १६५९ च्या नोव्हेंबरात अफझलखान संपला, महाराजांनी पन्हाळा घेतला आणि पाठोपाठ मिरजेला वेढा घातला. मिरज पडेना. तेवढ्यात सिद्दी जौहर चालून आला आणि वेढा उठवून महाराजांना १६६० च्या मार्चमध्ये पन्हाळ्यावर जावं लागलं. मिरजकराची इथं मोठी पंचाईत होते. किल्ला टिकला याचा अभिमान धरावा, तर महाराजांच्या विरुद्ध बोलल्यासारखं होतं. पडला असता तर बरं, असं म्हणावं तर किल्ल्याचा अपमान. शाळेत मी या प्रश्नातून मार्ग काढला होता. मी म्हणायचो, मिरजकर महाराजांना सोडायलाच तयार नव्हते, म्हणून वेढा लांबला.

याच किल्ल्याच्या खंदकात मला लहानपणी तोफेचा गोळा सापडला होता.

"किती किलोचा होता रे?" इंजिनानं विचारलं.

"वीस."

"दहावीत पाच सांगितला होतास."

"लोखंड आहे, गंजून फुगतं," मी म्हणालो. डॉक्टरनं लगेच वैद्यकीय दुजोरा दिला.

मिरासाहेब दर्ग्यात मात्र आवाज आपोआप खाली आले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, पण राहिले मिरजेत. प्लेगमध्ये आजारी पडले असता इथं येऊन गायले आणि बरे झाले, ही आख्यायिका गावात लहान मूलही सांगतं. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत एका छोट्या स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. शेवटी त्यांना आणलं ते इथंच, आपल्या पीराच्या पायाशी.

"स्टेशनवर," इंजिन हळूच म्हणाला. त्याच्या मते या माणसाचा रेल्वेशी संबंध होता, म्हणजे तो त्याच्या घरचाच.

उरसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं होतं. मोठमोठे गवई येऊन हजेरी लावतात. आम्ही लहानपणी त्याला जायचो, हे पाचही जणांना आठवत होतं. कुणाचं काय ऐकलं हे मात्र एकालाही सांगता येईना. अमेरिकेला चहा आठवला. मला आठवलं ते इंजिनाचं घोरणं, नेमकं विलंबित लयीत. मॉनिटर म्हणाली, तुम्ही मेले झोपायलाच यायचात, मी ऐकत होते. आणि मग तिनं हिशेब मांडला. खाँसाहेबांची लेक हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेत जन्मली. त्याच साली, याच गावात, नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पोरगा किर्लोस्कर मंडळीत पहिल्यांदा शकुंतला होऊन उभा राहिला, तो पुढचा बालगंधर्व. हिराबाईही पुढं नाटकात उतरल्या. "बाईचं काम करणारा बुवा आणि गाणारी बाई, एका साली, एका गावात. मिरजेत एक गोष्ट सरळ होईल तर शपथ!"

मग इंजिनानं आपला सिद्धांत मांडला. तो त्यानं कराडपासून राखून ठेवला असावा.

"मिरजेत सगळं गाडी बदलतं," तो म्हणाला. आमच्या शाळेच्या दिवसांत मिरज स्टेशनात तिन्ही गेज होते. पुण्या-कोल्हापूरची ब्रॉडगेज, बंगळूरकडची मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूरची बार्शी लाइट, अडीच फुटांची. एका गाडीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाणं शक्यच नाही. म्हणून पोतं आलं की हमालानं पाठीवर घ्यायचं आणि पलीकडच्या वाघिणीत टाकायचं. माणूस आला की त्यानं आपलं बिऱ्हाड उचलून पूल ओलांडायचा. निम्मं गाव या उचला-ठेवीवर जेवलं. "म्हणून सांगतो, जे आलं ते इथं बदललं. तलवारी परजणारे शिकलगार सतारी करायला लागले. विष्णू दिगंबर डोळे अधू झाले म्हणून गाणं शिकायला मिरजेत बाळकृष्णबुवांकडे आले, आणि इथून गेले ते लाहोरला १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढायला. आलं एका गेजवर, गेलं दुसऱ्या."

"आणि तू?" मॉनिटरनं विचारलं.

"मी कुठं गेलो? मी क्वार्टरमध्येच होतो."

त्याला सगळ्यांत सुख झालं ते २०१६ च्या एप्रिलात. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा कृष्णेचं पाणी भरून गाडी गेली ती मिरजेहून. दहा टँकर, पाच लाख लिटर. पुढं पन्नास टँकरची गाडी सुटायला लागली. बार्शी लाइट जाऊन तिथं ब्रॉडगेज झाली होती म्हणून हे जमलं. तरी इंजिन ती बातमी दूरदर्शनवर बघताना रडला, असं त्याच्या बायकोनं आम्हाला सांगितलंय. पाण्यासाठी रडला की बार्शी लाइटसाठी, हे तिलाही उलगडलेलं नाही.

सतारमेकर गल्लीत आम्ही जाणार होतो बघायला. अमेरिकेनं तंबोरा विकत घ्यायचं ठरवलं.

दुकानाच्या माळ्यावर सुकलेले भोपळे टांगलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात ते. वाळले की हातात कागदासारखे हलके. बसलेल्या कारागिरानं मान वर न करता विचारलं, "मर्दानी पाहिजे का जनानी?" अमेरिका गांगरला. त्याला वाटलं, हा काहीतरी खासगी प्रश्न आहे. मॉनिटरनं समजावलं, पुरुषाचा सूर खालचा, त्याला मोठा तंबोरा. बायकांचा त्याहून लहान.

"वाजवणार कोण?" कारागिराचा दुसरा प्रश्न.

"वाजवायचा असा नाही. हॉलमध्ये ठेवायचाय."

यावर तो काही बोलला नाही. एक तयार तंबोरा त्यानं मांडीवर आडवा घेतला, घोडीवरून तारा बाजूला केल्या आणि कानस काढली. जवारी म्हणतात ती हीच. घोडीचा माथा इतका किंचित उतरता घासायचा की तार तिच्यावर नुसती टेकत-टेकत थरथरावी. कमी घासली तर तार मुकी, जास्त घासली तर खरखरते. त्यानं दोनदा घासलं, तार चढवली, छेडली, पुन्हा उतरवली. तारेखाली दोऱ्याचा तुकडा घातला आणि केसभर पुढं सरकवला. एकदम तारेतून दुसराच कुणी बोलायला लागला. आमच्यातला एकही शब्द बोलला नाही, आणि हे मॉनिटरनं तोंडावर बोट न ठेवता झालं.

"हॉलमध्येच ठेवायचाय ना? मग जवारी कशाला इतकी..." अमेरिका म्हणाला.

"कुणीतरी पाहुणा छेडेल की," कारागीर म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यानं सांगितलं नाही. भिंतीवरच्या कात्रणावर होतं. गणितात ज्याला आयुष्यभर भोपळा मिळाला, त्यानं त्या दिवशी भोपळ्यासाठी मोजलेली रक्कम मी इथं लिहीत नाही, कारण त्याच्या बायकोला मराठी येतं. पैसे घेऊन कारागिरानं सगळ्या तारा ढिल्या केल्या आणि बजावलं, प्रवासात पिळायच्या नाहीत.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस. तंबोरा वरच्या बर्थवर जाईना, मधल्यावर बसेना, खाली ठेवावा तर पाय लागेल. शेवटी मॉनिटरनं तो माझ्या खालच्या बर्थवर झोपवला, डोक्याखाली माझी उशी दिली आणि अंगावर माझी चादर घातली. मी कडेला अर्ध्या मांडीवर. सांगली गेलं तेव्हा कुणाला बोलायला सवड नव्हती.

टीसी आला. मॉनिटरनं फाइल उघडली, पाचही तिकिटं ओळीनं, आधार कार्डांच्या प्रती मागं टाचलेल्या. ती या क्षणाची पुण्यापासून वाट पाहत होती. टीसीनं फाइलीकडे पाहिलंच नाही. त्यानं चादर बाजूला केली आणि खाली वाकून एका बोटानं तार छेडली.

"ही कुणी पिळली?"

आम्ही सगळे अमेरिकेकडे बघायला लागलो.

"जरा बघत होतो," अमेरिका म्हणाला.

"बघायची वस्तू आहे का ही?" टीसीनं खुंटी सैल केली, भोपळ्याखालची उशी सरळ केली, मला आणखी तीन बोटं सरकायला सांगितलं आणि पुढच्या कुपेकडे निघून गेला.

"अहो!" मॉनिटर फाइल घेऊन त्याच्यामागं धावली. "अहो, तिकिटं तरी बघा की!"