मेख, तणावा आणि उलथणे

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर तंबू बारा महिने उभा असतो, परंतु त्यात कोणीही आनंदाने शिरत नाही. बाद झालेला फलंदाज तंबूत परततो, आणि निम्मा संघ तंबूत परतला की वाचक पान उलटून सोन्याचा भाव पाहतो. याच भाषेत बस्तान बसणे ही कौतुकाची आणि पाठीवर बिऱ्हाड असणे ही कीव करण्याची अवस्था समजली जाते. म्हणूनच डोंबिवलीतील एखाद्या कुटुंबाने, जिचे पंधरा वर्षांचे हप्ते अजून फिटायचे आहेत अशी सदनिका कुलूपबंद करून, डिसेंबरच्या थंडीत भंडारदऱ्याला कापडाच्या खोलीत निजायला जाण्याचे ठरवले, तर त्या बेताची पूर्वतयारी तपशिलाने पाहण्याजोगी ठरते.

इतिहास अशा बेताला फारसा अनुकूल नाही. थंडी आणि तंबू यांचा योग मराठी माणसाच्या चांगला लक्षात राहिला तो दोनदा: १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली उभारलेला शामियाना त्यात आलेल्या पाहुण्याला लाभला नाही, आणि १४ जानेवारी १७६१ पूर्वी पानिपतावर फौजेबरोबर बायकामुले व यात्रेकरू घेऊन जो अडीच महिन्यांचा मुक्काम पडला, त्याचे पर्यवसान सर्वश्रुत आहे. ज्या अभ्यासकांना सहकुटुंब हिवाळी मुक्कामाची परंपरा शोधायची असेल, त्यांनी ती अन्यत्र शोधावी. तंबूची शब्दसंपदा मात्र या मातीत मुरलेली आहे. जमिनीत ठोकायची ती मेख, मेखेपासून कापडापर्यंत ताणून बांधायची ती दोरी म्हणजे तणावा, मेख ठोकायचा लाकडी हातोडा म्हणजे मोगरी, आणि हा सारा सरंजाम, कनाती व बिछायतींसह, ज्या खात्याच्या ताब्यात असे तो फरासखाना. हे नाव आज पुण्यात एका पोलीस ठाण्याला उरले आहे. डोंबिवलीत हे खाते पोटमाळ्यावर असते, आणि दिवाळीचे आकाशकंदील, गणपतीचे मखर व जुना मिक्सर हलवल्याशिवाय तेथून काहीही हाती लागत नाही.

प्रस्तुत तंबू या खात्यात दोन पावसाळे काढून बाहेर आला तेव्हा त्याच्या आधी त्याचा वास खाली उतरला. घरातील आजींनी तो वास ओळखून 'ओला ठेवला होतात' एवढेच निदान केले, आणि ते शास्त्रशुद्ध होते. तंबूच्या नायलॉनी किंवा पॉलिएस्टर कापडाला पाणी अडवण्यासाठी आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. कापड ओलसर घडी करून ठेवले की दमटपणाने हा थर हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि न धुतलेल्या मोज्याच्या जवळपास जाणारा गंध सोडू लागतो. थर सगळीकडे चिकटला असेल तर त्यावर उपाय नसतो, नवे कापड घ्यावे लागते; येथे तो दाराजवळ तळहाताएवढ्या जागी चिकटला होता, त्यामुळे सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने कापड हाताने पुसून ते सावलीत वाळवण्यावर भागले. धुलाईयंत्रात घालण्याची कुटुंबप्रमुखांची सूचना त्यांच्या पत्नीने फेटाळली. ती कापडाच्या हितासाठी फेटाळली की यंत्राच्या, हे स्पष्ट झाले नाही, परंतु यंत्राच्या घुसळणीने हा थर सुटतो, म्हणून निर्णय योग्यच होता. अडखळणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासली गेली, चीर गेलेल्या फायबरच्या कांडीवर नळीचा बोटभर तुकडा चढवून चिकटपट्टी गुंडाळली गेली, आणि घरातील चौदा वर्षांच्या मुलाने पिशवीवरील आकडे मोठ्याने वाचून त्यांचे अर्थ सांगितले: डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन, आणि २००० मिलिमीटर म्हणजे कापडावर दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळू न देण्याची कापडाची ताकद. डिसेंबरात भंडारदऱ्याला पाऊस पडत नाही, ही गोष्ट या वाचनात कोणी काढली नाही.

नवा किंवा जुना, कोणताही तंबू घरी एकदा उभारून पाहिल्याशिवाय बाहेर नेऊ नये, हा नियम सर्व जाणकार सांगतात. त्याप्रमाणे एका रविवारी सोसायटीच्या गच्चीत ही तालीम झाली. गच्चीत मेख ठोकता येत नाही, कारण खाली चौथ्या मजल्याचे छत असते. म्हणून एक तणावा डिशच्या पायाला, दुसरा पाण्याच्या टाकीच्या नळाला, तिसरा तुळशीच्या कुंडीला आणि चौथा, आधाराची वस्तू न उरल्यामुळे, आजींच्या खुर्चीला बांधण्यात आला. ही रचना तत्त्वतः निर्दोष होती. फक्त आजी उठल्या की तंबू बसे. त्याच सुमारास गच्चीत आलेल्या सोसायटीच्या चिटणीसांनी "काय हो, सत्यनारायण का?" अशी पृच्छा केली, आणि मंडप नसून तंबू आहे हे कळल्यावरही, पाणी कोणाच्या मीटरवर पडेल, हा प्रश्न त्यांनी अनुत्तरित राहू दिला नाही. महाराष्ट्रीय शहरी माणसाचा कापडी छपराशी येणारा संबंध मंडपापुरता असतो, आणि मंडप हा मंडपवाल्याने घालायचा असतो. आषाढी वारीत दिंडीची माणसे मुक्कामाला पोहोचताच ज्या सहजतेने राहुट्या उभ्या करतात, ते कसब उरलेल्या समाजात उतरलेले नाही.

तालमीत एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली, ती म्हणजे तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या. 'चार माणसांचा' या शब्दांचा अर्थ चार सतरंज्या शेजारी शेजारी मावतील, प्रत्येकीची रुंदी दीड-दोन फूट, आणि माणसे रात्रभर कुशीवर, एकाच दिशेला तोंड करून, सामानाशिवाय निजतील असा असतो. कुटुंब पाच जणांचे होते, शिवाय डबे होते. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने धाकट्या मुलीला तंबूत झोपलेले पाहिले असावे. सात वर्षांचे मूल निजताना जागा किती व्यापते याचे कोष्टक कोणताही तंबूवाला छापत नाही. झोपण्याच्या पिशव्यांवरील अंकही असेच फसवे निघाले. युरोपीय मानकानुसार अशा पिशवीवर एकाहून अधिक तापमाने दिलेली असतात: एका तापमानाला माणूस आरामात झोपतो, त्याखालच्या तापमानाला तो अंग मुडपून कशीबशी रात्र काढतो, आणि सर्वांत खालचा आकडा हा केवळ जीव वाचण्याचा असतो, झोपेचा नव्हे. कुटुंबप्रमुखांनी दुकानात तोच शेवटचा आकडा वाचून पिशव्या घेतल्या होत्या.

प्रवासाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कसारा घाट चढून इगतपुरी मागे पडली, घोटीला रस्ता महामार्ग सोडून वळला, बारी गावाजवळ कळसूबाई, म्हणजे १६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर, उजेडात स्पष्ट दिसले, आणि 'चढायचं का?' या मुलाच्या प्रश्नाला कोणीही उत्तर दिले नाही. शेंडी गावाशी प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण आहे. त्यामागे पसरलेल्या आर्थर जलाशयाच्या काठाकाठाने रस्ता रतनवाडीकडे जातो, आणि याच काठावर तंबूची जागा निवडण्याचा प्रसंग आला.

जागा निवडली ती पाण्याला चिकटून, छायाचित्राच्या सोयीने. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला टेकलेली हवा गार व जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी वाहत सखल भागात साचते. त्यामुळे काठाचा सर्वांत खालचा पट्टा हाच सर्वांत थंड आणि सर्वांत दमट असतो, आणि तेथून जेमतेम दोन पुरुष उंच चढले तरी रात्र सुसह्य होते. हे ज्ञान कुटुंबाला दुसऱ्या दिवशी सकाळी प्राप्त झाले. तूर्त प्रश्न जमिनीचा होता. सह्याद्रीच्या या भागात बोटभर मातीखाली कातळ लागतो, आणि ॲल्युमिनियमची मेख कातळावर ठोकली तर कातळाचे काहीही बिघडत नाही. तीन मेखा आकड्यासारख्या वाकल्यानंतर, बराच वेळ बांधावर बसून हे पाहणाऱ्या एका गावकऱ्याने उठून तोंड उघडले: "साहेब, सरळ नका ठोकू. तिचं डोकं तंबूपासून लांब झुकवा, म्हंजी ओढ बसली की ती आणखी रुतंल." त्याने मोगरीऐवजी हाताला आलेला धोंडा वापरला, जेथे मेख शिरेना तेथे तणाव्याचा फास मोठ्या दगडाला टाकून त्यावर दुसरा दगड ठेवला, आणि एका कोपऱ्यात, मेखा संपल्यामुळे, स्वयंपाकाच्या पिशवीतून डोकावणारे लोखंडी उलथणे मागून घेऊन मातीच्या एका बऱ्या थरात दांड्यापर्यंत ठोकले. पत्नीच्या तोंडून 'अहो' निघेपर्यंत ते जमिनीत गेले होते.

यानंतर घडले ते तंबूला घर समजल्यामुळे. घराचा धर्म थंडीत दारे-खिडक्या लावून घेण्याचा असतो, आणि कुटुंबाने तो निष्ठेने पाळला: वरच्या झडपा बंद, दाराची चेन गळ्यापर्यंत, फटींना टॉवेल. तंबूचा धर्म याच्या नेमका उलटा आहे. झोपलेला प्रौढ माणूस रात्रभरात श्वासावाटे व त्वचेवाटे पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. पाच माणसांचे मिळून ते लिटरभर तरी होते, आणि बाहेरचे कापड उघड्या आकाशाखाली सभोवतीच्या हवेहूनही गार झालेले असल्याने ही वाफ त्याला लागताच तिचे थेंब बनतात. म्हणून थंडीत तंबूच्या वरच्या झडपा उघड्या ठेवायच्या, दाराचा वरचा काही भाग उघडा सोडायचा, आणि गारठ्याचा बंदोबस्त कपड्यांनी करायचा असतो. शेगडी आत घेण्याचा विचारही एकदा पुढे आला आणि आजींनी तो मोडून काढला. येथे थट्टेला वाव नाही, कारण कोळसा किंवा गॅस बंद तंबूत जळताना निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो आणि त्याने झोपेतच माणसे मरतात.

पहाटे साडेतीनला कुटुंबप्रमुखांच्या कपाळावर पहिला थेंब पडला. तंबू गळतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि टॉर्च घेऊन ते बाहेर आले, तो आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. कापड बाहेरून दवाने आणि आतून स्वतःच्या कुटुंबाच्या श्वासाने निथळत होते. तंबूखाली अंथरलेले प्लास्टिक, कशाला काटकसर करायची म्हणून, चहूबाजूंनी वीतभर मोठे कापले होते. त्यावर साचलेले दव उताराने बरोबर आत येत होते. ते तंबूपेक्षा थोडे लहान हवे, म्हणजे कडेने ओघळणारे पाणी जमिनीत जाते. मोबाईलला रेंज नसल्यामुळे तो आदल्या दुपारचे सुखद तापमान दाखवत राहिला.

या रात्रीत एकट्या आजी गाढ झोपल्या होत्या. झोपण्याच्या पिशवीतील भरण अंगाखाली दबले की त्यात हवा उरत नाही, आणि थंडी अडवते ती हवाच. म्हणून पाठीखाली वेगळे, न दबणारे आस्तरण लागते, कारण वरच्या वाऱ्यापेक्षा खालची जमीन माणसाची ऊब अधिक चिकाटीने ओढून घेते. इतर चौघांनी घरून आणलेल्या गोधड्या पिशव्यांच्या वर घेतल्या होत्या. आजींनी आपली घोंगडी आणि त्यावर चौघडी गोधडी पिशवीच्या खाली घातली होती. यामागे परंपरेचे शहाणपण असावे असा तर्क नातवाने सकाळी मांडला तेव्हा आजींनी तो खोडून काढला. एवढी महागाची पिशवी मातीला लागून मळू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

सूर्य डोंगरावर यायला आठ वाजले आणि कापड वाळायला अकरा. परंतु साडेदहालाच मुलांना रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहायचे होते, म्हणून तंबू अर्धा ओला गुंडाळण्यात आला. तो ज्या पिशवीतून आला त्याच पिशवीत परत जात नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि येथे तर त्यात जलाशयाचाही काही अंश होता; कुटुंबप्रमुखांनी त्यावर बसून चेन लावली. डोंबिवलीला पोहोचल्यावर तो पुढचे दोन दिवस बैठकीच्या खोलीत पंख्याखाली उभा होता, सोफा गॅलरीत होता, आणि मुले निमूटपणे तंबूत अभ्यास करीत होती. तिसऱ्या दिवशी धिरड्यांचे पीठ कालवून झाल्यावर उलथणे कुठे गेले याचा शोध सुरू झाला. ते मेखांच्या पिशवीत, दांड्याला लाल माती लागलेले, पुढून किंचित वाकलेले सापडले. त्या दिवशी सर्व धिरडी एका बाजूला दुमडून निघाली, आणि नवे उलथणे आणण्याचा विषय निघाला तेव्हा, मेखा अजून तीन कमी आहेत, असे कुटुंबप्रमुखांनी सांगितले.